एकाच तोंडाचं विमान : कारव्हेअरच्या मांडणीचं प्रकरण

२१ जून १९६१. थेम्स नदीच्या मुखाजवळच्या साउथएंड विमानतळावरून एक विचित्र यंत्र पहिल्यांदा हवेत गेलं. मागून पाहिलं तर ओळखीचं डग्लस डीसी-४ : चार पंखे, सरळ नळीसारखं धड. पुढून पाहिलं तर कपाळावर टेंगूळ आलेलं. वैमानिकांची खोली छतावर जाऊन बसली होती आणि तिच्या खाली, जिथे विमानाचं नाक असतं तिथे, एका बाजूला उघडणारं भलंमोठं दार होतं. कागदोपत्री नाव एटीएल-९८. लोक म्हणत कारव्हेअर, म्हणजे 'कार-व्हाया-एअर' दाबून एकत्र केलेलं.

काम साधं होतं : पाच मोटारी आणि त्यांतले बावीस प्रवासी इंग्लिश खाडीपलीकडे न्यायचे. प्रवाशांना त्यांची गाडी तिथे हातात द्यायची. अशी विमानं त्याआधी तेरा वर्षं चालतच होती, त्यामुळे कल्पना नवी नव्हती. नवा होता तो लांबी, उंची आणि वजन यांचा हिशेब. मोटारी, माणसं आणि वैमानिक यांना एका नळीत कुठे बसवायचं, या प्रश्नाचं एक उत्तर १९४५ साली मिळालं होतं, दुसरं १९६१ साली. दुसरं उत्तर अधिक हुशार होतं, पण त्यानं धंदा वाचला नाही. तो का वाचला नाही, याचं कारण मला विमानाच्या इंजिनांपेक्षा त्याच्या दारात जास्त दिसतं.

क्रेनचे दिवस

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात इंग्लंडमधून फ्रान्सला स्वतःची गाडी न्यायची म्हणजे डोव्हरच्या धक्क्यावर ती क्रेनच्या हवाली करायची. गाडी हवेत लोंबकळत बोटीवर जाई आणि मालक खाली उभा राहून श्वास रोखून बघत राही. पलीकडच्या बंदरात पुन्हा तोच प्रकार. वेळ तर जाईच, वर पत्र्याला पोचा पडण्याची धास्ती.

सिल्व्हर सिटी एअरवेजनं नेमकी ही अडचण हेरली. ही कंपनी मुळात खाणवाल्यांची. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या खाणीच्या गावाला 'सिल्व्हर सिटी' म्हणतात, त्यावरून तिचं नाव पडलं. १९४७ साली फाळणीच्या वेळी निर्वासितांना इकडून तिकडे नेणाऱ्या विमानांत हिची विमानंही होती, म्हणजे आपल्याकडच्या त्या भयंकर महिन्यांशी या कंपनीचा संबंध आलेला आहे. पुढच्याच वर्षी, जुलै १९४८ मध्ये, केंट परगण्यातल्या लिम्पनहून फ्रान्समधल्या ल तुके इथे कंपनीनं पहिली मोटार विमानानं नेली. ती गाडी कंपनीचे प्रमुख एअर कमोडोर ग्रिफिथ पॉवेल यांचीच होती, आर्मस्ट्राँग सिडली बनावटीची. गिऱ्हाइकाची गाडी टांगणीला लावण्याआधी स्वतःची पणाला लावली, हे मला आवडतं.

विमान होतं ब्रिस्टल १७० फ्रेटर. २ डिसेंबर १९४५ रोजी फिल्टनला पहिल्यांदा उडालेलं, दिसायला ओबडधोबड. दोन हर्क्युलिस इंजिनं, पंख धडाच्या वरच्या बाजूला, चाकं कायमची खाली लटकलेली, आणि नाक म्हणजे शिंपल्यासारखी उघडणारी दोन कवाडं. वैमानिक त्या कवाडांच्या वर, माळ्यावर बसावं तसे. तिथे जायला होल्डमधून, म्हणजे विमानातल्या माल ठेवायच्या जागेतून, शिडी. सगळ्या प्रकारची मिळून २१४ विमानं बांधली गेली. पाकिस्तानच्या हवाई दलानंही ती बरीच घेतली होती.

या विमानाची मांडणी नीट बघितल्याशिवाय कारव्हेअर समजत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

पंख वर असल्यामुळे धड जमिनीच्या जवळ आलं. चाकं आत ओढून घ्यायची नसल्यामुळे त्यांच्यासाठी पोटात जागा सोडावी लागली नाही. त्यामुळे होल्डची जमीन इतकी खाली आली की दोन फळ्यांचा रॅम्प लावला की गाडी स्वतःच्या इंजिनावर आत चढे. क्रेन नाही, लिफ्ट नाही. मालकानं किल्ली द्यायची, कंपनीच्या माणसानं गाडी आत घालायची, चाकांना ठोकळे लावून पट्ट्यांनी आवळायची, आणि झालं. मालक मंडळी तोवर मागच्या दारानं चढून शेपटीकडच्या छोट्या केबिनमध्ये बसलेली असत.

शिवाय हे विमान शेपटीवर टेकून उभं राहणारं. तिसरं चाक शेपटीखाली होतं, त्यामुळे जमिनीवर असताना होल्ड मागच्या बाजूला किंचित उतरता असे. दिसायला हा दोष, पण मला तो फायदाच वाटतो. गाड्या पुढच्या दारातून निघू लागल्या की पुढचं वजन झटकन कमी होतं. मागे माणसं किंवा अजून एखादी गाडी असेल तर पुढच्या चाकावर उभ्या असलेल्या विमानाची शेपटी खाली बसायची भीती असते. ब्रिस्टलची शेपटी आधीच बसलेली! ज्याला पडायचंच नाही, त्याला टेकू कशाला?

लांबीचा हिशेब

मोटार वाहणाऱ्या विमानात वजनाआधी लांबी संपते. गाड्या एकामागोमाग एक उभ्या राहतात, कारण दोन गाड्या शेजारी-शेजारी मावतील इतकी रुंदी त्या काळच्या धडात नव्हती. म्हणून भाडंही गाडीच्या लांबीवर होतं. इंजिन किती मोठं, गाडी किती महाग, याच्याशी कंपनीला देणंघेणं नव्हतं. तिच्या लेखी गाडी म्हणजे होल्डमधले इतके फूट.

आता आकडे घेऊ. मॉरिस मायनर १२ फूट ४ इंच. रोल्स-रॉइस सिल्व्हर क्लाउड १७ फूट ८ इंच. तीन मायनर एकामागे एक लावल्या तर ३७ फूट, मधल्या फटी वेगळ्या. दोन मायनर आणि एक रोल्स लावली तर ४२ फूट ४ इंच. रोल्सवाल्याच्या मागे बसणाऱ्या प्रवाशांच्या गुडघ्यांना हा सव्वापाच फुटांचा फरक कळतो, कारण होल्ड आणि केबिन यांत एक आडभिंत असते आणि एका बाजूला जागा दिली की ती दुसऱ्या बाजूची जाते.

सुरुवातीच्या ब्रिस्टलमध्ये दोन गाड्या बसत. १९५३ साली सिल्व्हर सिटीसाठी मार्क ३२ आलं, लोक त्याला सुपरफ्रेटर म्हणत. त्याचं नाक ५ फुटांनी लांबवलं. नाक पुढे गेलं की विमान वाऱ्यात बाजूला वळायला बघतं, म्हणून शेपटीचा उभा पंखही वाढवला. या ५ फुटांत तिसरी गाडी आणि वीसेक प्रवासी असं गणित बसलं. बारा-साडेबारा फुटांची एक अख्खी गाडी ५ फुटांत कशी मावली? आधीच्या मांडणीत दोन गाड्यांनंतर थोडी जागा शिल्लक राहत होती आणि ती ना माणसांच्या उपयोगाची होती ना गाडीच्या. अपुऱ्या तुकड्याला पुरता करणं हीच इथली कारागिरी. फडताळात डबे लावणारी कोणतीही गृहिणी हे एका नजरेत सांगेल.

लिम्पनची धावपट्टी गवताची. पावसाळी दिवसांत चाकं रुतत. म्हणून कंपनीनं किनाऱ्याजवळ लिड इथे स्वतःचा विमानतळ बांधला आणि त्याला नाव दिलं फेरीफील्ड. १९५४ मध्ये तो सुरू झाला. तिथून ल तुके सुमारे वीस मिनिटं. एखादं विमान दिवसभर असं ये-जा करू शके, आणि तसं ते करतही होतं.

इथेच मेख होती. वीस मिनिटांच्या मार्गावर विमान उडण्यापेक्षा चढत-उतरत जास्त असतं. प्रत्येक चढ-उताराला पंखांच्या मुख्य तुळईवर ताण येतो आणि धातू तो ताण मोजून ठेवतो. ब्रिस्टलच्या पंखांचं आयुष्य तासांपेक्षा उड्डाणांच्या संख्येनं झिजत होतं.

लेकरसमोरचा पेच

खाडीच्या उत्तर अंगाला, साउथएंडला, दुसरा खेळाडू होता फ्रेडी लेकर. युद्धानंतर जुनी विमानं आणि सुटे भाग विकत घेऊन विकणारा. बर्लिनच्या हवाई पुलाच्या काळात, म्हणजे नाकेबंदीत अडकलेल्या बर्लिनला विमानांनी सामान पोचवलं जात होतं तेव्हा, त्यानं चांगला पैसा केला. त्याची दुरुस्ती-बांधणीची कंपनी म्हणजे एव्हिएशन ट्रेडर्स, आणि मोटार-वाहतुकीची शाखा पुढे चॅनल एअर ब्रिज नावानं ओळखली गेली. तिच्याकडेही ब्रिस्टलच होती.

१९५०चं दशक संपताना त्याच्यासमोरची परिस्थिती अशी होती. गिऱ्हाईक वाढत होतं. ब्रिस्टल म्हातारी होत होती आणि तिच्या पोटात तीनच गाड्या मावत. साउथएंड ते कॅले हा मार्ग लिड ते ल तुकेपेक्षा लांब, त्यामुळे प्रत्येक गाडीमागे खर्च जास्त. नवं, खास याच कामाचं विमान कोणी बांधून देईना. एवढ्याशा बाजारासाठी नवं विमान काढायला कोण बसलंय? लेकरनं स्वतः एकदा अकाउंटंट नावाचं छोटं प्रवासी विमान काढून हात पोळून घेतले होते. ते एकाच नमुन्यावर थांबलं.

दुसऱ्या बाजूला जेट विमानं येत होती आणि मोठ्या कंपन्या जुनी डीसी-४ विकायला काढत होत्या. डीसी-४चं धड पुढून मागपर्यंत बहुतांश एकाच घेराचं. असं धड कापून लांबवायला किंवा नवीन तुकडा जोडायला सोपं, हे शिंपीही सांगेल. इंजिनं भरवशाची, सुटे भाग जगभर मिळणारे. पुढे चाक असल्यामुळे जमिनीवर होल्डची जमीन सपाट.

आता प्रश्न दाराचा. मालवाहू डीसी-४चं दार बाजूला, शेपटीकडे. त्यातून खोकी जातात, मोटार जाणार कशी? ती आत घेऊन नव्वद अंशांत वळवायची म्हणजे गाडीची लांबी धडाच्या रुंदीत मावायला हवी, आणि ते अशक्य. शेपटी कापून मागून दार करायचं, तर शेपटी वर निमुळती होते आणि तिथून सुकाणूंच्या तारा जातात. उरलं नाक. पण नाकात वैमानिक बसलेले!

मग वैमानिकांनाच उचललं.

नाकाची शस्त्रक्रिया

पंखांच्या पुढचं सगळं धड काढून टाकलं आणि त्या जागी नवं जोडलं. लांबी ८ फूट ८ इंचांनी वाढली. वैमानिकांची खोली मूळ जागेपेक्षा ६ फूट १० इंच वर गेली. तिच्या खालून होल्डची जमीन थेट नाकाच्या टोकापर्यंत आली आणि टोकाला बाजूला वळणारं दार बसलं.

यात एक छोटी गोष्ट आहे, पण माझ्या मते सगळ्यांत सुंदर. डीसी-४चं पुढचं चाक उड्डाणानंतर धडाच्या पोटात जातं. तसंच ठेवलं असतं तर नेमका होल्डच्या तोंडाशी जमिनीला उंचवटा आला असता आणि गाडी आत येताना तिथेच अडखळली असती. म्हणून चाकाला आत घेणं सोडून दिलं. ते वर येऊन धडाच्या बाहेर जोडलेल्या एका कवचात बसे. हवेचा विरोध थोडा वाढला, पण जमीन सपाट राहिली. वेगापेक्षा सपाट जमीन महत्त्वाची, हे ठरवायला या धंद्याची जाण लागते.

नाक एवढं मोठं झालं की शेपटी वाढवणं आलंच. कारव्हेअरची उंच शेपटी डीसी-७ची काढून लावली, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ती तशी दिसते खरी, पण ती नव्यानं आखलेली होती. ब्रेकही जास्त ताकदीचे बसवले. तयार विमान १०२ फूट ७ इंच लांब आणि पूर्ण भारासह ७३,८०० पौंड, म्हणजे साडेतेहतीस टनांच्या आत.

वैमानिक वर गेल्यानं आणखी एक फायदा झाला. गाड्या बांधलेल्या असल्या तरी जोराचा धक्का बसला तर वजन पुढे धावतं. साध्या मालवाहू विमानात त्या वाटेत वैमानिक असतो. इथे तो वाटेच्या वर होता. आणि प्रवासी गाड्यांच्या मागे, म्हणजे धावणाऱ्या वजनाच्या वाटेतच नाहीत. दारासाठी केलेल्या मांडणीतून सुरक्षेचीही सोय झाली.

कारव्हेअर बघून सगळ्यांना बोइंग ७४७ आठवतं. ७४७ पहिल्यांदा उडालं फेब्रुवारी १९६९ मध्ये, आणि त्याचं टेंगूळही त्याच कारणानं आलं : नाकातून माल भरता यावा म्हणून कॉकपिट वर. एकाला दुसऱ्याची नक्कल म्हणायचा मोह होतो, पण दोघांना एकाच अडचणीनं एकाच ठिकाणी आणून सोडलं, एवढंच मी म्हणेन.

जमीन वर गेली, तिथे खर्चही

आता या हुशारीची किंमत. डीसी-४चे पंख धडाच्या खालच्या बाजूला. पंखांखाली इंजिनांचे पंखे फिरायला जागा हवी, म्हणून पाय लांब. म्हणून होल्डची जमीन उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर. ब्रिस्टलला दोन फळ्या लावल्या की भागत होतं. कारव्हेअरला तेवढ्या उंचीवर गाडी चढवायची तर रॅम्प इतका लांब लागेल की तो ओढायलाच ट्रॅक्टर हवा.

उपाय म्हणून कात्रीच्या पात्यांसारख्या पायांवर वर-खाली होणारा मंच आला. हायलो म्हणत त्याला. गाडी मंचावर घ्यायची, मंच वर, गाडी आत, मंच खाली, पुढची गाडी. म्हणजे क्रेनपासून सुटका व्हावी म्हणून सुरू झालेला धंदा तेरा वर्षांत पुन्हा गाडी उचलण्यापाशी आला. यावेळी गाडी हवेत लोंबकळत नव्हती, पोचे पडत नव्हते, हे मान्य. पण ज्या ज्या विमानतळावर जायचं, तिथे तिथे हे यंत्र हवं, ते चालू स्थितीत हवं आणि ते चालवणारा माणूस हवा. ब्रिस्टल आपला रॅम्प घेऊन कुठल्याही माळावर उतरू शकत होती. कारव्हेअर तसं करू शकत नव्हतं.

आणि भरण्याचा क्रम. दार एकच. जी गाडी पहिली आत गेली ती सर्वांत खोल, म्हणून सर्वांत शेवटी बाहेर. ज्यानं वेळेवर येऊन आधी गाडी दिली, तोच पलीकडे शेवटपर्यंत ताटकळणार, असा उफराटा न्याय. तोही पाळता येत नाही, कारण क्रम वजनावर ठरतो. जड गाडी गुरुत्वमध्याजवळ, हलक्या दोन्ही टोकांना, असं जुळवावं लागतं. १९५९ साली आलेली मिनी १० फूट लांब. १९६१ची जॅग्वार मार्क टेन १६ फूट १० इंच आणि वजनाला मिनीच्या तिप्पट. पाच मिनी आल्या तर ५० फुटांत काम आटोपतं. पाच मार्क टेन आल्या तर ८४ फूट लागतील, म्हणजे त्या एका खेपेत जाणारच नाहीत. पाच मायनर धरल्या तर ६१ फूट ८ इंच. 'पाच गाड्या' हा आकडा जाहिरातीत लिहायला ठीक. नोंदणीच्या खिडकीवरच्या माणसाला मात्र रोज नवं कोडं सोडवावं लागे.

आणि हो, शेपटीचा प्रश्न परत आला. पुढच्या चाकावर उभं राहणारं विमान, गाड्या पुढून काढल्या की मागे कलणार. माल उतरवताना डीसी-४च्या शेपटीखाली टेकू लावायची पद्धत होतीच. ब्रिस्टलला जे फुकट मिळत होतं, ते इथे लक्षात ठेवून करायचं काम झालं.

मागच्या बावीस जागा

प्रवाशांबद्दल मांडणीत फारसं सांगण्यासारखं नाही, आणि तेच सांगण्यासारखं आहे. त्यांना उरलेली जागा मिळाली. धड शेपटीकडे निमुळतं होऊ लागतं, तिथे गाडी मावत नाही, खुर्च्या मावतात. म्हणून तिथे केबिन. आडभिंतीच्या पलीकडे तुमचीच गाडी, पण तुम्ही तिच्यापर्यंत जायचं नाही. इंजिनांच्या पंख्यांपासून लांब असल्यानं आवाज पुढच्यापेक्षा कमी, हा त्यातल्या त्यात दिलासा.

गाडीमागे माणसं किती, हेही बघण्यासारखं. पाच गाड्या, बावीस जागा : गाडीमागे साधारण चार माणसं, मध्यमवर्गीय कुटुंबाच्या सुट्टीचं गणित. ब्रिस्टल मार्क ३२ मध्ये तीन गाड्यांमागे वीस, म्हणजे गाडीमागे साडेसहा. तिथे गाडी नसलेल्या प्रवाशांनाही जागा विकता येत होती. कारव्हेअरमध्ये गाड्या वाढल्या, पण माणसं जवळपास तेवढीच राहिली. गाडीचं भाडं लांबीवर बांधलेलं असल्यानं ते फार चढवता येत नाही. जास्तीची कमाई माणसांच्या तिकिटांवर होते. मांडणी सैल ठेवून गाड्या कमी आणि खुर्च्या जास्त असंही विमान लावता येई, आणि काही ठिकाणी तसं लावलंही गेलं. ज्या विमानाचं सगळं शरीर पाच गाड्यांसाठी कापलं, त्यात गाड्या काढून खुर्च्या भराव्या लागणं हे चांगलं लक्षण नव्हे.

धंद्यात

१९६२ मध्ये चॅनल एअर ब्रिजनं कारव्हेअर कामाला लावली. लेकरच्या मंडळींचा विचार खाडी ओलांडण्यापुरता नव्हता. रॉटरडॅम तर होतंच, पण स्ट्रासबर्ग, बाझल, जिनिव्हा असं थेट युरोपच्या पोटात गाडी नेऊन सोडायची. उत्तर फ्रान्सचा दिवसभराचा रस्ता वाचतो आणि सकाळी घरून निघालेला माणूस दुपारी आल्प्सच्या पायथ्याशी स्वतःची गाडी चालवतो. कागदावर हे झकास होतं. लांब मार्गावर चढ-उतार कमी, म्हणजे धातूची झीज कमी, आणि हायलोवर गेलेली जादा मिनिटंही लांब प्रवासात खटकत नाहीत.

त्याच वर्षी २८ डिसेंबरला रॉटरडॅमला उतरताना एक कारव्हेअर धावपट्टीच्या अलीकडच्या बांधाला धडकली आणि उलटी झाली. मुख्य वैमानिक दगावला, प्रवासी वाचले. मागची केबिन त्या दिवशी कामाला आली, असं म्हणायला हरकत नाही.

१ जानेवारी १९६३ पासून सिल्व्हर सिटी आणि चॅनल एअर ब्रिज एक होऊन ब्रिटिश युनायटेड एअर फेरीज झाल्या. कालचे प्रतिस्पर्धी एका छताखाली आले, ब्रिस्टल आणि कारव्हेअर एकाच हिशेबवहीत. आतल्या भागातले लांब मार्ग मात्र जमले नाहीत. ज्याला जिनिव्हाला लवकर पोचायचं तो विमानानं जाऊन तिथे गाडी भाड्यानं घेऊ लागला, आणि ज्याला स्वतःचीच गाडी हवी त्याला प्रवासाची घाई नव्हती. त्यातच १९६६ साली ब्रिटिश सरकारनं परदेशी सहलीला जाणाऱ्यांना माणशी ५० पौंडांचीच मर्यादा घातली. सुट्टीचं अंदाजपत्रक असं आवळलं की पहिली काट महागड्या वाटेवर बसते.

बोटीला दुसरं दार

पण खरा घाव समुद्रातून आला, आणि तो दाराचाच होता.

१९५३ साली, म्हणजे ब्रिस्टलला ५ फूट जोडले गेले त्याच वर्षी, डोव्हरच्या पूर्व गोदीत मोटारींचा नवा धक्का सुरू झाला. भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होणाऱ्या पुलावरून गाडी थेट बोटीत चालवत न्यायची. क्रेन गेली. विमानाच्या बाजूनं जो सर्वांत मोठा मुद्दा होता, तो तिथेच संपला. उरला वेळ. वीस मिनिटं विरुद्ध दीड तास, आणि विमानतळावर हजर राहण्याचा, गाडी बांधण्या-सोडवण्याचा वेळ धरला तर हा फरकही बराच आक्रसतो.

१९६२ साली कारव्हेअर धंद्यात उतरली तेव्हाच फ्री एंटरप्राइज ही बोट आली. तिच्यात सुमारे १२० गाड्या, म्हणजे एका खेपेत कारव्हेअरच्या चोवीस खेपा. १९६५ मध्ये तिची धाकटी बहीण आली ती पुढून-मागून उघडणारी. गाडी मागच्या दारानं आत, पुढच्या दारानं बाहेर, कुठेही रिव्हर्स नाही. पहिला आलेला पहिला बाहेर.

विमानाला हे कधीच जमणार नव्हतं. दोन्ही टोकांना दार ठेवायचं तर वैमानिकांबरोबर शेपटीही उचलावी लागेल, आणि प्रवाशांना बसायला जागाच राहणार नाही, कारण ते नेमके त्या दुसऱ्या दाराच्या जागी बसलेले आहेत. एका तोंडाच्या विमानात गाडी एकदा तरी उलटी चालवावीच लागते. लेकरच्या माणसांनी एक तोंड मिळवण्यासाठी वैमानिकांना सात फूट वर बसवलं. बोटीच्या नकाशावर दुसरं तोंड त्यापेक्षा कितीतरी स्वस्तात उघडलं.

१९६८ मध्ये डोव्हरहून हवेच्या गादीवर तरंगत जाणारी मोठी हॉवरक्राफ्ट सुरू झाली. ३० गाड्या, अडीचशेवर प्रवासी, पाऊणएक तासाच्या आत पलीकडे. वेळेचा उरलासुरला मुद्दाही गेला. आधी ब्रिस्टल थांबली, मग १९७०च्या दशकात कारव्हेअरच्या खाडीवरच्या गाड्याही.

ज्यांनी हीच विमानं गाडी आणि माणूस यांची जोडी सोडून वापरली, त्यांचं बरं चाललं. न्यूझीलंडमध्ये कुक सामुद्रधुनीवर ब्रिस्टल विमानं रेल्वेचा माल नेत. तिथे आधीच भरून ठेवलेले मंच यंत्रानं आत सरकवायची कार्गॉन नावाची पद्धत होती, आणि प्रवाशांची केबिन नव्हती. म्हणून विमान धक्क्यावर थोडा वेळच थांबे. ती सेवा १९८० च्या दशकापर्यंत टिकली. न्यूझीलंडहून आलेलं एक ब्रिस्टल १७० आता फिल्टनच्या संग्रहालयात आहे, जिथे ते जन्मलं तिथेच.

एकूण २१ डीसी-४ कापून कारव्हेअर बनवल्या गेल्या. एर लिंगस या आयरिश विमान कंपनीनं तीन घेतल्या. मोटारी होत्याच, पण आयर्लंडच्या शर्यतीचे घोडेही त्या नाकातून चढले. घोड्याला रिव्हर्स घालणं गाडीपेक्षा अवघड, पण तो वळू तरी शकतो. ऑस्ट्रेलियात अँसेट या विमान कंपनीनं त्यात निव्वळ माल भरला. शेवटच्या काही कारव्हेअरपैकी एक २००७ साली अलास्कातल्या खाणीच्या धावपट्टीवर उतरताना मोडली. तेव्हा तिच्या पोटात खाणीसाठीचं इंधन होतं.